आपला तो बाब्या: अमेरिकी राजकारणातला दुटप्पीपणा तपासायचा कसा?

उभा_आडवा (धागाकर्ता)

अमेरिकी राजकारणावरच्या प्रत्येक धाग्यात दहाव्या प्रतिसादाच्या आत कुणीतरी ‘तेव्हा तुमची दातखीळ बसली होती का?’ असं विचारतोच. प्रश्न रास्त असतो, पण विचारणारा दोन घटना शेजारी मांडून मोकळा होतो. तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही. या धाग्यावर आरोप करायचा असेल तर पुढच्या क्रमानं करा.

आधी नियम एका वाक्यात लिहा, पक्षाचं नाव न घालता. मग तो नियम कुणी, कुठल्या तारखेला, कोणत्या शब्दांत मांडला ते शोधा. त्यानंतर दुसरी घटना घ्या. शेवटी ‘या वेळची गोष्ट वेगळी आहे’ म्हणून जे कारण पुढे केलं जातं, ते पहिल्या वेळीच सांगितलं होतं की दुसरी वेळ अंगावर आल्यावर सुचलं, ते बघा. बहुतेक प्रकरणांचा निकाल इथेच लागतो.

सुरुवात सगळ्यांना पाठ असलेल्या प्रकरणानं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया १३ फेब्रुवारी २०१६ ला वारले. सिनेटमधले बहुमताचे नेते, रिपब्लिकन मिच मॅकॉनेल यांनी त्याच दिवशी निवेदन काढलं: नव्या न्यायाधीशाच्या निवडीत जनतेला आवाज मिळाला पाहिजे, म्हणून नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत जागा भरू नये. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी १६ मार्चला मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. सुनावणी नाही, मतदान नाही. २९३ दिवसांनी, ३ जानेवारी २०१७ ला, नामांकन आपोआप बाद झालं.

पुढे त्याच न्यायालयाच्या रूथ बेडर गिन्सबर्ग १८ सप्टेंबर २०२० ला वारल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते ट्रम्प. एमी कोनी बॅरेट यांचं नाव २६ सप्टेंबरला जाहीर झालं आणि २६ ऑक्टोबरला ५२-४८ मतांनी नेमणूक पक्की झाली. निवडणूक ३ नोव्हेंबरला होती, आणि मुदतपूर्व मतदानात लाखो लोक मत देऊन बसले होते. रिपब्लिकनांपैकी विरोधात एकट्या सुसन कॉलिन्स.

मॅकॉनेल यांचा बचाव असा की २०१६ मध्ये सिनेट एका पक्षाची आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा होता, २०२० मध्ये तसं नव्हतं. लावा कसोटी.

तिरकस

लावली, पण दोन्ही बाजूंना लावू. २०१६ मध्ये डेमोक्रॅट काय म्हणत होते? राज्यघटनेच्या कलम २ प्रमाणे नाव पाठवणं राष्ट्राध्यक्षाचं काम, ते तपासून मत देणं सिनेटचं काम, निवडणुकीचं वर्ष असो वा नसो. २०२० मध्ये त्याच मंडळींना जनतेचा कौल आठवला. आणि जनतेचा कौल ही कल्पना मुळात कुणाची? सिनेटच्या न्यायविषयक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी २५ जून १९९२ ला सभागृहात भाषण केलं होतं की या उन्हाळ्यात जागा रिकामी झालीच, तर थोरल्या बुशनी निवडणूक होईपर्यंत नाव देऊ नये. रिपब्लिकनांनी २०१६ मध्ये तेच भाषण बाहेर काढून त्याला ‘बायडन नियम’ असं नाव दिलं.

रेखांश

तिरकसराव, १९९२ मध्ये जागा रिकामी झालीच नाही, त्यामुळे तो नियम कधी वापरला गेला नाही. बोलणं आणि करणं यांचं वजन वेगळं धरा. पण बोलले होते हे खरंच.

मॅकॉनेल यांच्याबाबत: पहिल्या दिवसाच्या निवेदनात ‘सिनेट विरोधी पक्षाची असेल तर’ अशी अट नाही. नंतरच्या आठवड्यांत ते १८८८ चा दाखला देऊ लागले, की विरोधी पक्षाच्या सिनेटनं निवडणुकीच्या वर्षात रिकामी झालेली जागा तेव्हापासून भरलेली नाही. म्हणजे हे कारण २०१६ मध्येच नोंदीवर आहे, २०२० ला शोधलेलं नाही. मात्र पहिल्या दिवशी ठोकलेल्या तत्त्वाला ते मागाहून जोडलेलं ठिगळ आहे. मी याला अर्धा दुटप्पीपणा म्हणेन.

१८८८ च्या दाखल्यातली एक पळवाटही सांगतो. अँथनी केनेडी यांची नेमणूक रेगन यांच्या शेवटच्या वर्षात, ३ फेब्रुवारी १९८८ ला, डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटनं ९७-० अशी केली. ती मोजायची नसेल तर ‘जागा निवडणुकीच्या वर्षात रिकामी झाली पाहिजे’ अशी अट घालावी लागते, कारण केनेडी यांचं नाव नोव्हेंबर १९८७ मध्येच आलं होतं. नियमाला जितक्या जास्त अटी, तितका संशय जास्त.

रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांचा मामला मात्र सरळ आहे. त्यांनी २०१६ मध्ये स्वतःहून सांगितलं होतं की रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली, तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. हुबेहूब तीच परिस्थिती आली, आणि न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून बॅरेट यांची सुनावणी त्यांनीच चालवली.

पाटीपेन्सिल

डेमोक्रॅटांच्या २०२० च्या भूमिकेत एक बारकावा. ‘नियम तुम्ही केलात, आता तुम्हालाच लावतोय’ असं उघड सांगून मागणी केली तर तो दुटप्पीपणा नाही, ती जशास तसं आहे. पण ‘मतदारांना विचारल्याशिवाय नेमणूक करणं मुळातच अन्यायाचं’ असं म्हटलं, तर २०१६ च्या स्वतःच्याच भाषणांशी भांडण आहे. भाषण काढून वाचावं लागतं, मथळ्यावरून कळत नाही.

काथ्याकूट

फिलिबस्टरवर (चर्चा लांबवून मतदान अडवून धरण्यावर) कुणी कसं बोललं नाही अजून? दुटप्पीपणाची एवढी व्यवस्थित नोंद दुसऱ्या कुठल्याच विषयात मिळत नाही.

आधी यंत्रणा, कारण इथे घोळ फार होतो. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला क्लोचर (चर्चाबंदीचा ठराव) लागतो आणि त्याला ६० मतं हवीत. १९१७ च्या नियमात दोनतृतीयांश होती, १९७५ मध्ये तीनपंचमांश झाली. नियमपुस्तिका बदलायला आणखी जास्त मतं लागतात. म्हणून बहुमतवाले पुस्तिकेला हातच लावत नाहीत. त्यांचा नेता हरकतीचा मुद्दा उपस्थित करतो की अमुक प्रकारच्या नेमणुकीला साधं बहुमत पुरे. पीठासीन अधिकारी पुस्तिका बघून तो फेटाळतो. नेता त्या निर्णयावर दाद मागतो, आणि ती दाद साध्या बहुमतानं मंजूर होते. झाला नवा पायंडा. पुस्तिकेत अजून ६० च छापलेलं. यालाच ‘न्यूक्लियर ऑप्शन’ म्हणतात.

२००५ मध्ये बहुमत रिपब्लिकनांकडे होतं. बिल फ्रिस्ट यांनी हा बार उडवण्याची धमकी दिली, त्यांचे दोन नंबरचे नेते मॅकॉनेल बाजूनं बोलले, अल्पमतातल्या डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड यांनी परंपरेची दुहाई दिली. दोन्हीकडचे सात-सात सिनेटर एकत्र आले म्हणून टळलं. आठ वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०१३ ला, रीड यांनीच ५२-४८ मतांनी बार उडवला: सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी सगळ्या नेमणुकांसाठी. आता परंपरेची दुहाई मॅकॉनेल देत होते. ६ एप्रिल २०१७ ला मॅकॉनेल यांनी तोच बार सर्वोच्च न्यायालयासाठी उडवला आणि दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांचे उमेदवार गोर्सच ५४-४५ नं न्यायालयात गेले. माणसं तीच होती, जागा तेवढ्या बदलल्या.

उरला कायद्यांचा फिलिबस्टर. एप्रिल २०१७ मध्ये दोन्ही पक्षांच्या ६१ सिनेटरांनी तो राखा म्हणून पत्र लिहिलं. सह्यांमध्ये कमला हॅरिसही होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्काच्या कायद्यापुरता तो वाकवायचा प्रस्ताव आला, तेव्हा सह्या केलेल्यांपैकी सिनेटमध्ये उरलेल्या जवळपास सगळ्या डेमोक्रॅटांनी बाजूनं मत दिलं. जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा हे दोन डेमोक्रॅट सिनेटर फुटले, प्रस्ताव ४८-५२ नं पडला.

इथे रिपब्लिकन नेत्यांच्या पदरात एक गुण टाकायला हवा. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीतही हा फिलिबस्टर काढा म्हणून टुमणं लावलं होतं आणि २०२५ मध्येही. आधी मॅकॉनेल, मग त्यांच्या जागी आलेले जॉन थून, दोघांनीही मानलं नाही. स्वतःचं बहुमत असताना नियम पाळणं, खरी कसोटी तीच.

मेथीदाणा

कर्जमर्यादा, म्हणजे सरकारनं किती कर्ज काढायचं त्याची कायद्यातली मर्यादा, याच जातीची ना?

काथ्याकूट

हो मेथीदाणाताई, पण मापं सारखी नाहीत. मार्च २००६ मध्ये सिनेटर ओबामांनी कर्जमर्यादा वाढवायच्या विरोधात मत दिलं. विधेयक ५२-४८ नं पास झालं. ते मत चुकलं होतं असं राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २०११ मध्ये त्यांनी मान्य केलं. ते निषेधाचं मत होतं, सरकारची देणी थकवायची धमकी नव्हे. २०११ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या हाउसनं (प्रतिनिधीगृहानं) खर्चकपातीच्या अटीवर प्रकरण शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं आणि ५ ऑगस्टला एस अँड पी या संस्थेनं अमेरिकेची पत खाली आणली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मर्यादा तीनदा स्थगित झाली, फारशी खळखळ न होता. बायडन आल्यावर २०२३ मध्ये पुन्हा ताणाताणी. आणि जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी स्वतःच एका झटक्यात ५ लाख कोटी डॉलरनं वाढवली. बोलणं दोघांचंही फिरतं. पत खाली येईपर्यंत ताणून धरण्याचं काम एकाच पक्षानं केलं आहे.

गावठाण

राजकारण्यांचं सोडा, ते असंच बोलणार. माध्यमांबद्दल बोला. तिथे तर १९८७ मध्ये ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ काढून टाकल्यापासून सगळं बिघडलं ना?

रेखांश

ही समजूत इतकी पसरली आहे की जरा सविस्तर लिहितो. तो नियम एफसीसी या सरकारी प्रसारण नियामकानं १९४९ मध्ये केला, सर्वोच्च न्यायालयानं १९६९ च्या रेड लायन निकालात उचलून धरला. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्या आणि विरोधी मतही ऐकवा, इतकंच तो सांगत होता. आधार असा की हवेतल्या लहरी मर्यादित आणि जनतेच्या मालकीच्या. म्हणून तो रेडिओ आणि हवेतून प्रसारण करणाऱ्या टीव्ही केंद्रांना लागू होता. केबलला नाही, वर्तमानपत्रांना तर नाहीच. फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी या बातम्यांच्या वाहिन्या १९९६ मध्ये आल्या त्या केबलवर. नियम जिवंत असता तरी त्यांना शिवला नसता. रेडिओवर मात्र परिणाम दिसला. उजव्या मतांचे रश लिंबॉ यांचा कार्यक्रम ऑगस्ट १९८८ मध्ये देशभर गेला, नियम गेल्यानंतर साधारण वर्षभरात.

‘समान संधी’चा नियम वेगळा. तो १९३४ च्या कायद्याच्या ३१५ व्या कलमात आहे, निवडणुकीतल्या उमेदवारांपुरता आहे, आणि आजही आहे.

पाटीपेन्सिल

माध्यमांवर दुटप्पीपणाचा आरोप करताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, बातमी आणि मत यांची सरमिसळ. फॉक्सचा रात्रीचा चर्चेचा कार्यक्रम आणि न्यूयॉर्क टाइम्सची पहिल्या पानावरची बातमी यांची तुलना करून काही हाती लागत नाही. एकाच संस्थेची, एकाच विभागातली दोन प्रकरणं घ्या.

दोन, वाहिन्या बदलणं. ‘माध्यमं तेव्हा अमुक म्हणत होती’ यातली माध्यमं म्हणजे कोण? सीएनएन तेव्हा आणि फॉक्स आता, असं केलं तर दोन वेगळ्या माणसांची दोन मतं दाखवलीत, एवढंच.

तीन, तुमचा स्वतःचा डोळा. स्टॅनफर्डमध्ये व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. १९८२ च्या बैरुत हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. चित्रफिती त्याच, पण दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या.

बघायचं काय? मथळ्यातली क्रियापदं (‘सांगितलं’ की ‘दावा केला’), आरोपीचा पक्ष कितव्या परिच्छेदात येतो, निनावी सूत्रं किती, खुलासा कुठे छापला, आणि पहिल्या पानावर किती दिवस टिकलं. मथळे दिवसभरात बदलतात, म्हणून वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या पानांच्या संग्रहात) त्या दिवशीच्या प्रती बघा. टीव्हीसाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संग्रहात १९६८ पासूनच्या संध्याकाळच्या बातम्या आहेत. इंटरनेट अर्काइव्हच्या टीव्ही संग्रहात २००९ पासूनच्या बातम्या उपशीर्षकांतले शब्द टाकून शोधता येतात. उपशीर्षकांत नावांची स्पेलिंगं चुकलेली असतात, तेव्हा चुकीची रूपंही टाकून बघा, नाहीतर मोजणी कमी येते.

तिरकस

मग घ्या हे, नियम आधी लिहून: ‘चोरलेली किंवा संशयास्पद मार्गानं आलेली कागदपत्रं बातमीच्या मोलाची असली तर छापावीत.’

२०१६: हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचे रशियनांनी चोरलेले ईमेल विकिलीक्सनं टाकले. सगळ्या मोठ्या वृत्तपत्रांनी रोज त्यातून बातम्या काढल्या. १४ ऑक्टोबर २०२०: न्यूयॉर्क पोस्टनं तेव्हाचे उमेदवार बायडन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपची बातमी दिली. ट्विटरनं दुवा पाठवणंच बंद पाडलं आणि पाच दिवसांनी ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी यात रशियन हात असल्याची सगळी लक्षणं दिसतात असं पत्र काढलं. मार्च २०२२ मध्ये टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट दोघांनी त्यातले ईमेल खरे असल्याची पडताळणी केली. तोवर निवडणूक होऊन जवळपास दीड वर्ष लोटलं होतं.

रेखांश

मालिका पुरी करा की. २०२४: ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेतून इराणी हॅकरांनी उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्यावरची टिपणं चोरली. पोलिटिको, टाइम्स, पोस्ट तिघांकडे ती आली, तिघांनीही टिपणं छापली नाहीत. २०१६ च्या मापानं बघितलं तर इथे फायदा रिपब्लिकनांचा झाला. संपादकांचं म्हणणं, २०१६ वरून धडा घेतला. असेल. धडा घेतला आणि दुटप्पीपणा केला, हे दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. ओळखायचं ते पुढच्या वेळी चोरीचा माल दुसऱ्या पक्षाचा असताना काय करतात त्यावरून.

खरी गंमत पुढे आहे. तीच टिपणं केन क्लिपनस्टीन या पत्रकारानं २६ सप्टेंबर २०२४ ला आपल्या संकेतस्थळावर टाकली, आणि एक्सनं, म्हणजे त्याच ट्विटरनं, त्याचं खातं बंद केलं आणि दुवेही अडवले. मालक आता इलॉन मस्क, ज्यांनी २०२० ची अडवणूक म्हणजे अभिव्यक्तीवर घाला म्हणून जुन्या अंतर्गत फायली खुल्या करवल्या होत्या. एक्सनं दिलेलं कारण: कागदांत खाजगी पत्ते आणि ओळख क्रमांकाचे काही आकडे होते. २०२० मध्ये ट्विटरनं दिलेल्या कारणांतलंही एक हेच होतं, खाजगी ईमेल पत्ते आणि फोन क्रमांक.

गावठाण

हे बेस्ट आहे. _/\_

काथ्याकूट

तसंच एक एफसीसीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये एबीसीवर रात्रीचा विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जिमी किमेल यांच्या बोलण्यावरून एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एका मुलाखतीत केंद्रांना उघड इशारा दिला. नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या केंद्रमालक कंपन्यांनी कार्यक्रम काढला, एबीसीनं तो थांबवला आणि साधारण आठवड्यानं परत आणला. परवाना एबीसी या नेटवर्कला नसतो, गावोगावच्या केंद्रांना असतो. दबाव तिथून येतो. वर त्याच १९३४ च्या कायद्याचं ३२६ वं कलम एफसीसीला सेन्सॉरशिप करायला मनाई करतं.

आता मागे जा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅना एशू आणि जेरी मॅकनर्नी या दोन डेमोक्रॅट खासदारांनी केबल कंपन्यांना पत्र लिहून विचारलं होतं की फॉक्स, न्यूजमॅक्स, ओएएन या उजव्या वाहिन्या तुम्ही पुढेही दाखवणार का. तेव्हा त्या पत्रावर सडकून टीका करणारे एफसीसी सदस्य कोण? ब्रेंडन कार. आणि २०२१ मध्ये ते पत्र गोड मानून घेणारे कितीतरी जण २०२५ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती वाचून दाखवत होते. रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी मात्र आपल्याच पक्षाच्या कार यांना जाहीर सुनावलं, ते नोंदवतो.

तिरकस

फक्त खासदारांचं पत्र आणि परवाना हातात असलेल्या नियामकाचा इशारा एकाच तराजूत कसे? हे मी म्हणतोय, बघा.

काथ्याकूट

बरोबर. सत्तेचं वजन धरायलाच हवं. पण कार यांनी २०२१ मध्ये मांडलेला नियम वजन बघून मांडलेला नव्हता.

मेथीदाणा

मतदारसंघांच्या नकाशांचं काय? टेक्सस वगैरे.

पाटीपेन्सिल

ऑगस्ट २०२५. ट्रम्प यांच्या सांगण्यावरून टेक्ससनं दशकाच्या मधेच नकाशा बदलून काँग्रेसमधल्या रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवायचा बेत केला. टेक्ससच्या विधिमंडळाच्या हाउसमध्ये १५० सदस्य, गणपूर्तीला १०० लागतात, म्हणून डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले. गेले कुठे, तर इलिनॉयला, जिथल्या १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅटांकडे आहेत आणि नकाशा बघितला तर मतदारसंघ शेवयांसारखे लांबलेले. कॅलिफोर्नियानं प्रत्युत्तरात स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. ४ नोव्हेंबरला त्यासाठीचा जनमताचा प्रस्ताव, प्रपोझिशन ५०, पास झाला. हे उघडपणे ‘टेक्ससला उत्तर’ म्हणून आणि मतदारांना विचारून केलं, त्यामुळे पाटीवर जशास तसं लिहितो. इलिनॉयचं २०२१ चं काम मात्र कुणाला उत्तर म्हणून नव्हतं.

नुसत्या टक्केवारीवरून आरोप करू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅटांच्या आणि तिथे ट्रम्प यांना एकतृतीयांशाहून जास्त मतं, हे उदाहरण नेहमी फेकलं जातं. पण तिथले रिपब्लिकन मतदार राज्यभर इतके सारखे विखुरलेले आहेत की त्यांच्या बहुमताचा मतदारसंघ आखणंच महाकठीण. उलट नॉर्थ कॅरोलायना बघा: न्यायालयानं घालून दिलेल्या नकाशावर २०२२ मध्ये ७-७, विधिमंडळाच्या नव्या नकाशावर २०२४ मध्ये १०-४. तीच वस्ती, दोन वर्षांचं अंतर.

उभा_आडवा

शेवटी मतदारांकडे वळतो, कारण नेते उगाच फिरत नाहीत. प्यू या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं दहशतवाद शोधण्यासाठी सरकारी पाळत चालेल का असं विचारलं होतं. जानेवारी २००६, धाकटे बुश सत्तेवर: रिपब्लिकन ७५ टक्के हो, डेमोक्रॅट ३७. जून २०१३, ओबामा: रिपब्लिकन ५२, डेमोक्रॅट ६४. प्रश्नाचा तपशील थोडा वेगळा होता हे ध्यानात ठेवा, तरी कात्री स्पष्ट आहे. सीरियावर हल्ल्याला पाठिंबा, वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी: रिपब्लिकन २०१३ मध्ये २२ टक्के, २०१७ मध्ये ८६. डेमोक्रॅट ३८ आणि ३७, जागचे हलले नाहीत. इथेही फरक आहे: २०१३ चा हल्ला प्रस्तावित होता, २०१७ चा होऊन गेला होता, आणि झालेल्या कारवाईला पाठिंबा जास्तच मिळतो. पण तो फायदा दोन्ही पक्षांच्या आकड्यांत दिसायला हवा होता.

तिरकस

आणि गोपनीय कागदपत्रं? हिलरी क्लिंटन यांचा खाजगी ईमेल सर्व्हर, ट्रम्प यांचं मार-ए-लागोचं घर, बायडन यांचं गॅरेज, मार्च २०२५ चं सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या गटाचं प्रकरण.

रेखांश

वेगळा धागा लागेल. एवढंच सांगतो की कायद्याचा प्रश्न ‘कागद सापडले का’ हा नसतो, ‘जाणूनबुजून ठेवले का आणि मागितल्यावर दिले का’ हा असतो. बायडन आणि ट्रम्प यांचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांच्या लोकांनी सापडल्यावर स्वतः कळवलं. मार-ए-लागोला मे २०२२ मध्ये समन्स बजावूनही ८ ऑगस्टच्या झडतीत शंभराहून जास्त गोपनीय कागद निघाले. बायडन यांनीही जाणूनबुजून ठेवल्याचा पुरावा आहे असं विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या चौकशी अहवालात आहे, पण खटला टिकण्याइतका नाही असंही आहे. दोन्ही बाजूचे लोक यातला अर्धाच भाग वाचतात.

मेथीदाणा

१९९२ चं भाषण मूळ कुठे मिळेल?

उभा_आडवा

काँग्रेसच्या अधिकृत कामकाज नोंदीत, २५ जून १९९२ ची तारीख टाकून. सिनेटमध्ये कॅमेरे १९८६ पासून आहेत, त्यामुळे काँग्रेसचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीवर चित्रफीतही आहे. मतदान शोधताना सिनेटच्या संकेतस्थळावर काँग्रेसचा क्रमांक, सत्र आणि मतदान क्रमांक तिन्ही लागतात. नुसत्या विधेयकाच्या नावावर जाऊ नका, एकाच विधेयकावर क्लोचरचं मत आणि अंतिम मत वेगवेगळं पडतं आणि लोक सोयीचं तेवढं दाखवतात. फिरत्या चित्रफितीतला तुकडा मिळाला तर पुढचं भाषणही ऐका. बायडन यांच्या त्या भाषणात पुढे असंही आहे की राष्ट्राध्यक्षानं सिनेटशी सल्लामसलत केली किंवा मध्यममार्गी नाव दिलं, तर मी पाठिंबा देऊ शकेन. २०१६ मध्ये रिपब्लिकनांनी फिरवलेल्या तुकड्यात ते नव्हतं.